वीज वाट शोधते : बालाघाटच्या तांब्यापासून घरातील दिव्यापर्यंत

भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागतो, याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. नवल वाटते ते दिवा न लागल्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर वादळाने एखादी फांदी तारांवर पडावी आणि गावभर अंधार व्हावा, की पंखा, पाण्याचा पंप, शीतकपाट, भ्रमणध्वनी आणि दवाखान्यातील उपकरणे ही सारी एकाच गोष्टीवर उभी आहेत, याची जाणीव होते. ती गोष्ट म्हणजे वीज. आपण तिचे देयक दरमहा भरतो. पण ती नेमकी काय आहे, कशी वाहते आणि माणसाचा जीव कधी घेते, हे पुष्कळांना शाळेतील धड्यापलीकडे ठाऊक नसते.

हे समजून घेण्यासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याकडे पाहणे सोयीचे ठरते. सातपुड्याच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या काठी वसलेला हा जिल्हा महाराष्ट्रातील गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांना लागून आहे. जुन्या मध्य प्रांतात भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तो निर्माण झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे मराठी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. विजेच्या दृष्टीने या जिल्ह्याचे महत्त्व त्याच्या भूगर्भात आहे. मलाजखंड येथे तांबे सापडते, भरवेली, उकवा आणि तिरोडी येथे मँगनीज. तांबे विजेला वाट देते. मँगनीज तिच्या तारा पेलणाऱ्या पोलादी मनोऱ्यांत असते, आणि त्याचेच एक संयुग हातातल्या टॉर्चच्या सेलमध्ये. शिवाय गोव्याला मिळणाऱ्या विजेचा एक हिस्सा याच मध्य भारतातून येतो.

तांबे वीज का वाहून नेते?

मलाजखंडची तांब्याची खाण बालाघाट जिल्ह्याच्या ईशान्य भागात, बैहरच्या पठारी प्रदेशात आहे. ‘हिंदुस्थान कॉपर लिमिटेड’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा हा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला. देशातील तांब्याच्या साठ्याचा मोठा हिस्सा या एका ठिकाणी आहे. अनेक वर्षे डोंगर वरून पायऱ्या-पायऱ्यांनी खोदत नेल्यामुळे तेथे अजस्र खड्डा तयार झाला असून आता त्याच्या खाली भूमिगत खाणकाम विकसित करण्यात आले आहे.

येथील खडकात तांब्याचे प्रमाण साधारण एक टक्का असते. म्हणजे शंभर किलो खडक फोडावा तेव्हा जेमतेम एक किलो तांबे हाती लागते. खडक दळून, पाण्यात फेसाळवून त्यातील तांबेयुक्त कण वेगळे काढतात आणि ती भुकटी जिल्ह्याबाहेरील भट्ट्यांकडे रवाना होते. भट्टीतून निघालेले तांबेही तारेसाठी पुरेसे शुद्ध नसते. त्याच्या जाड पट्ट्या मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात टांगून त्यांतून वीज सोडतात. एका बाजूचे अशुद्ध तांबे विरघळते आणि समोरच्या पातळ पत्र्यावर ९९.९९ टक्के शुद्ध तांब्याचा थर चढतो. विजेला वाट देणारे तांबे असे विजेनेच शुद्ध होते.

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणूमध्ये धन विद्युतभाराच्या केंद्राभोवती ऋण विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन असतात. लाकूड, काच, रबर, चिनीमाती अशा पदार्थांत हे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी घट्ट बांधलेले असतात, म्हणून त्यांतून वीज सहसा जात नाही. त्यांना दुर्वाहक म्हणतात. तांब्यात मात्र प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. तो धातूच्या आत कोठेही फिरू शकतो. तारेच्या दोन टोकांना योग्य साधन जोडले, की हे मोकळे इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकू लागतात. विद्युतभाराच्या या वाहण्यालाच विद्युतप्रवाह म्हणतात.

हे सरकणे फार मंद असते. घरातील अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून पाच अँपिअरचा प्रवाह एकाच दिशेने वाहत असेल, तर त्यातील इलेक्ट्रॉनला दहा मीटर अंतर कापायला सुमारे एकोणीस तास लागतील. तरी बटण दाबताच दिवा लागतो. पाण्याने काठोकाठ भरलेल्या नळीच्या एका टोकाला पाणी ढकलले, की दुसऱ्या टोकाचे पाणी लगेच बाहेर पडते, तसेच येथे घडते. तार इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेली असते. बटण दाबल्यावर धावतो तो धक्का, आणि त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास असतो.

दाब, प्रवाह आणि रोध

विजेचे गणित तीन राशींवर उभे आहे. इलेक्ट्रॉनांना ढकलणारा दाब व्होल्टमध्ये मोजतात. त्यालाच विभवांतर किंवा व्यवहारात व्होल्टेज म्हणतात. दर सेकंदाला किती विद्युतभार वाहतो, ते अँपिअरमध्ये मोजतात. वाटेत होणारा अडथळा म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये या तिघांचा संबंध मांडला : दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. दाब वाढला तर प्रवाह वाढतो, रोध वाढला तर तो घटतो. पुढे या लेखात जिवाचा प्रश्न येतो तेथे हाच भागाकार कामी येणार आहे.

आणखी एक अट आहे. प्रवाहाला परतीची वाट लागते. गेलेला विद्युतभार फिरून मूळ ठिकाणी येईल असे बंद वर्तुळ पूर्ण झाले, तरच वीज वाहते. या वर्तुळाला मंडल किंवा सर्किट म्हणतात. बटण म्हणजे या वर्तुळात मुद्दाम ठेवलेली फट. बटण दाबले की फट मिटते.

बालाघाटच्या रेल्वे स्थानकात हे वर्तुळ उघड्या डोळ्यांनी पाहता येते. गोंदिया-बालाघाट-जबलपूर मार्गावर एकेकाळी सातपुड्याची अरुंदमापी गाडी धावत असे. आता तेथे ब्रॉडगेज झाला आहे आणि गाड्या विजेवर चालतात. इंजिनाच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची एकच तार दिसते. मग परतीची वाट कोठे आहे? ती इंजिनाच्या चाकांतून रुळांत उतरते. वरून येणारी वीज खालच्या रुळांवाटे उपकेंद्राकडे परतते.

मँगनीज, पोलाद आणि टॉर्चचा सेल

बालाघाट शहरालगत भरवेलीची मँगनीज खाण आहे. आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ती ओळखली जाते. तिचे काम जमिनीखाली चारशे मीटरहून अधिक खोलीवर चालते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कंपनीने या पट्ट्यातील मँगनीज काढण्यास आरंभ केला. १९६२ मध्ये सरकारी सहभागाने ‘मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड’ स्थापन झाली. आज ‘मॉइल’ या नावाने परिचित असलेल्या या कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. दक्षिण गोव्यातही मँगनीजच्या खाणी होत्या, त्यामुळे हे काळे, जड खनिज गोव्याला अपरिचित नाही.

इतक्या खोलवर वीज ही सोय राहत नाही, ती जगण्याची अट होते. वरून ताजी हवा ढकलणारे पंखे, झिरपणारे पाणी उपसणारे पंप, माणसांना व खनिजाला वर आणणारा पाळणा आणि कामगाराच्या शिरस्त्राणावरील दिवा ही सर्व विजेवर चालतात. जमिनीवर वीज गेली तर काम थांबते. खाणीत ती गेली तर हवा आणि पाणी यांचा प्रश्न उभा राहतो, म्हणूनच खोल खाणींना पर्यायी वीजव्यवस्था ठेवावी लागते.

येथील बहुतेक मँगनीज पोलादाच्या कामी येते. वितळलेल्या लोखंडातील गंधक आणि प्राणवायूचा दोष ते दूर करते आणि पोलादाला बळकटी देते. जवळपास प्रत्येक प्रकारच्या पोलादात ते थोडेफार असतेच. डोंगरदऱ्या ओलांडत जाणारे उच्चदाबाच्या तारांचे मनोरेही अशाच पोलादाचे असतात. पोलादात मिसळण्यासाठी लागणारा फेरोमँगनीज हा मिश्रधातू बालाघाटमध्ये विजेच्या भट्टीत तयार केला जातो.

मँगनीजचा दुसरा उपयोग घराघरांत आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज निघते. ते कोरड्या सेलसाठी वापरतात. टॉर्चच्या साध्या सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनच्या भुकटीचे काळे मिश्रण असते. जस्त इलेक्ट्रॉन सोडते आणि मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारते. या देवाणघेवाणीसाठी इलेक्ट्रॉन ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर आपण टॉर्चचा दिवा ठेवतो. या रचनेचा मूळ नमुना फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये तयार केला.

अशा सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. तीन सेल एकापुढे एक ठेवले की साडेचार व्होल्ट मिळतात. प्रवाहाची दिशा कायम एकच राहते, म्हणून याला एकदिश प्रवाह म्हणतात. सौर पटलातून मिळणारी वीजही एकदिश असते. कान्हाच्या जंगलालगत, बैहर परिसरातील बैगा आदिवासींच्या विखुरलेल्या टोल्यांसारख्या ठिकाणी खांब आणि तारा नेणे कठीण आणि खर्चिक असते. तेथे सौर पटल आणि साठवण बॅटरी हा व्यवहार्य मार्ग ठरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ या योजनेत अशा समूहांच्या घरांसाठी सौर विजेची तरतूद करण्यात आली आहे.

फिरत्या चुंबकाची वीज

घरात येणारी वीज सेलमधून येत नाही. तिचा पाया मायकेल फॅरेडे याने १८३१ मध्ये लावलेल्या शोधात आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवला की तारेत वीज निर्माण होते. आजचे प्रत्येक मोठे जनित्र याच तत्त्वावर चालते. प्रश्न उरतो तो चुंबक फिरवण्याचा. जलविद्युत केंद्रात पडणारे पाणी तो फिरवते, पवनचक्कीत वारा, तर औष्णिक केंद्रात कोळसा जाळून केलेली वाफ.

मध्य प्रदेशाच्या सिंगरौली जिल्ह्यातील विंध्याचल औष्णिक केंद्राची क्षमता ४,७६० मेगावॅट असून ते देशातील सर्वांत मोठे औष्णिक केंद्र आहे. मोठे वीजनिर्मिती केंद्र नसलेल्या गोव्याला ज्या केंद्रीय प्रकल्पांतून वाटा मिळतो, त्यांत विंध्याचल आणि छत्तीसगडमधील कोरबा यांचा समावेश आहे. पणजीतील एखाद्या स्वयंपाकघरात मिक्सर फिरतो, तेव्हा त्यामागे शेकडो किलोमीटर दूर जळणारा कोळसाही असतो. त्या कोळशातील उष्णतेपैकी एक-तृतीयांशाहून थोडी अधिक ऊर्जाच विजेच्या रूपाने बाहेर येते. बाकीची उष्णता वाया जाते.

चुंबक गोल फिरत असल्यामुळे निर्माण होणाऱ्या प्रवाहाची दिशा सतत उलटसुलट होते. याला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. भारतात हे आवर्तन सेकंदाला ५० वेळा होते. त्यामुळे घरातल्या तारेतील इलेक्ट्रॉन जनित्राकडून प्रवास करून येत नाहीत. ते जागच्या जागी पुढेमागे हलतात आणि ऊर्जा तेवढी पुढे पोचते.

प्रत्यावर्ती प्रवाहाचा मोठा लाभ असा की रोहित्राच्या साहाय्याने त्याचा दाब सहज वाढवता किंवा कमी करता येतो. हे का करायचे, ते एका सोप्या हिशेबातून दिसते. एक कोटी वॅट वीज दूर न्यायची आहे आणि तारेचा रोध एक ओहम आहे, असे समजा. दहा हजार व्होल्टने ती पाठवली तर प्रवाह हजार अँपिअर होतो. तारेतील नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती दहा लाख वॅट होईल, म्हणजे दहा टक्के. तीच वीज एक लाख व्होल्टने पाठवली तर प्रवाह शंभर अँपिअरवर येतो आणि नासाडी फक्त दहा हजार वॅट होते. दाब दहापट, तर नासाडी शंभरपट कमी. म्हणूनच देशातील मुख्य वाहिन्या ४०० किलोव्होल्ट आणि ७६५ किलोव्होल्टच्या आहेत. गोव्यात कोलवाळच्या ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रासारख्या ठिकाणी हा दाब उतरवण्यास प्रारंभ होतो. पुढे टप्प्याटप्प्याने खाली येत तो गल्लीतील रोहित्रापाशी पोचतो आणि घरात २३० व्होल्टने शिरतो.

या लांब वाहिन्या तांब्याच्या नसतात. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असला, तरी त्याचे वजन तांब्याच्या एक-तृतीयांशाहून कमी असते. म्हणून पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारा गुंडाळून त्या मनोऱ्यांवर ताणतात. घरात मात्र जागा कमी, वळणे आणि जोड जास्त. ॲल्युमिनियमचे जोड काळाने सैल होतात आणि तापतात. तेथे तांबेच विश्वासाचे ठरते.

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि संपूर्ण भारत एका लयीत आला. बालाघाटच्या भातगिरणीतील मोटर आणि म्हापशाच्या बाजारातील पंखा आज एकाच जाळ्याच्या ५० आवर्तनांवर फिरतात. या जाळ्यात मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, त्याच क्षणी तेवढी निर्माण करावी लागते. हा तोल आणि वाहिन्यांवरील भार सांभाळला नाही तर काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. मध्य प्रदेशातील बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभाराने बंद पडली आणि तिचा भार इतर वाहिन्यांवर पडून त्याही एकामागून एक बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार पसरला होता.

युनिटचा हिशेब

वीज किती वेगाने खर्च होते, ते वॅटमध्ये मोजतात. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॅट. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. वीजदेयकावरील युनिट ते हेच.

नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज आठ तास लावला, तर महिन्याला सव्वादोन युनिटही होत नाहीत. पंच्याहत्तर वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला, तर २७ युनिट होतात. त्याच जागी तीस वॅटचा नव्या प्रकारचा पंखा बसवला, तर अकरा युनिटांपेक्षा कमी. दोन हजार वॅटचा पाणी तापवण्याचा गिझर रोज केवळ अर्धा तास चालला, तरी महिन्याला ३० युनिट जातात. विजेपासून उष्णता करणारी उपकरणे देयक वाढवतात. दिवा विझवण्याची सवय चांगलीच आहे, परंतु बचतीची खरी जागा पंखा, गिझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र येथे असते.

वीज माणसाच्या अंगातून जाते तेव्हा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार भारतात दरवर्षी बारा हजारांहून अधिक लोक विजेच्या धक्क्याने मरण पावतात. यांतले पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. ते कसे टाळायचे, हे वर मांडलेल्या दोनच नियमांतून कळते : विजेला बंद वर्तुळ लागते आणि प्रवाह म्हणजे दाब भागिले रोध.

उच्चदाबाच्या तारेवर बसलेला पक्षी मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि त्याच्या अंगातून पुढे जायला वाट नसते. माणूस मात्र जमिनीवर उभा असतो. घराकडे येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल तार रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे फेजच्या तारेला हात लागला, की वीज हातातून, छातीतून, पायांतून जमिनीत उतरते आणि जमिनीवाटे रोहित्राकडे परतते. वर्तुळ पूर्ण होते.

ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागले की प्रवाह येतो ०.२३ अँपिअर. याच्या काही अंशानेही हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. आता साठ वॅटचा जुना दिवा घ्या. तो ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे धक्का बसलेला माणूस विजेच्या दृष्टीने साठ वॅटच्या दिव्यापेक्षाही किरकोळ भार असतो. सोळा अँपिअरची वितळतार किंवा एमसीबी त्याची दखलही घेणार नाही. एमसीबी बसवली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा समज घातक आहे. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवते. माणसाला वाचवणारे साधन वेगळे आहे.

त्या साधनाला आरसीसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ते अखंड तुलना करत असते. दोन्ही समान असतील तर सर्व ठीक. परतीच्या वाटेवर ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, एवढी तूट आली तरी वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित कोणाच्या अंगातून जात आहे असे समजून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर तपासणीसाठी एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबताच घरातील वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ते साधन निकामी आहे.

दुसरे संरक्षण अर्थिंगचे. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते. लांब यासाठी, की प्लग खुपसताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. शीतकपाट, धुलाईयंत्र, इस्त्री, गिझर यांचे धातूचे अंग तिच्याद्वारे जमिनीशी जोडलेले असते. आतली फेजची तार सैल होऊन त्या अंगाला टेकली, तर विजेला माणसाहून सोपी वाट मिळते. ही पिन कापून दोन पिनांच्या जागेत प्लग घालणे म्हणजे ती सोपी वाट बंद करून वीज माणसाकडे वळवणे होय.

अर्थिंगचा खड्डाही तपासावा लागतो. बालाघाटच्या पठारावर काय आणि गोव्याच्या जांभ्या दगडात काय, उन्हाळ्यात जमीन सुकते आणि तिचा रोध वाढतो. घराचे अर्थिंग केवळ अंगणातील खड्ड्यावर अवलंबून असेल आणि त्या खड्ड्याचा रोध वीस ओहम असेल, तर बिघाड झाल्यावर साडेअकरा अँपिअरच प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरची एमसीबी तशीच चालू राहील आणि उपकरणाचे अंग जिवंत राहील. म्हणून खड्डा ओला ठेवणे, त्याचा रोध परवानाधारक तारतंत्र्याकडून मोजून घेणे आणि सोबत आरसीसीबी बसवणे या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

मध्य प्रदेशात आणि विदर्भात आणखी एक मरण शेतात दबा धरून असते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी किंवा शिकारीसाठी वाहिनीवर आकडा टाकून उघड्या तारेत थेट वीज सोडली जाते. त्या तारेला डुकराची, वाघाची आणि शेजारच्या शेतकऱ्याची ओळख नसते. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग बालाघाट जिल्ह्यात येतो, आणि मध्य भारतातील वाघांना अशा तारांचा मोठा धोका आहे. रात्री बांधावरून जाणारी माणसेही त्यांत सापडतात. शेतीसाठी मिळणारी अधिकृत ऊर्जा-कुंपणे वेगळ्या पद्धतीची असतात. त्यांत अत्यल्प काळाचे ठोके सोडले जातात, ज्यांनी जनावर दचकते, मरत नाही. थेट वाहिनीची वीज कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे.

पावसाळ्यात तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये. तार जमिनीवर पडली की भोवतालच्या जमिनीतही दाब पसरतो आणि दोन पावलांमधील अंतरातूनही वीज अंगात शिरू शकते. निदान दहा मीटर दूर राहावे. जवळ असल्यास पाय एकमेकांना चिकटवून, लहान लहान सरकत बाहेर यावे. घरात कोणाला धक्का बसला, तर आधी मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. ही दक्षता घरातील विजेपुरती आहे. उच्चदाबाच्या तारेला चिकटलेल्या माणसाला पुरवठा खंडित होईपर्यंत लाकडानेही स्पर्श करू नये. सुटका झाल्यावर श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी जोराने व लयीत दाब देणे सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मलाजखंडच्या डोंगरातून शंभर किलो खडक फोडून काढलेले किलोभर तांबे घराच्या भिंतीत येते, ते विजेला ठरावीक वाट मिळावी म्हणून. ही वाट जोड सैल झाल्याने, पिन कापल्याने किंवा खड्डा सुकल्याने मोडली, की वीज जवळची दुसरी वाट धरते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी घरातील आरसीसीबीचे तपासणीचे बटण एकदा दाबून पाहावे. ते साधन घरात नसेल, तर छपराच्या डागडुजीबरोबर तेही बसवून घ्यावे.